पुदिन्याचं पिंप

चव घ्यायच्या दिवशी माझ्या सासुरवाडीत कोणी पेस्टने दात घासत नाही. सासरे नाहीत, सासूबाई नाहीत आणि आदल्या दिवशी मुक्कामाला गेलेला जावईसुद्धा नाही. कोमट पाण्याने खळखळून चूळ भरायची, बोटाने हिरड्या चोळायच्या आणि गप्प बसायचं. मी दातांचा डॉक्टर. दिवसातून दोनदा घासा, दोनदा घासा असं सांगून माझा घसा बसलेला असतो, आणि वर्षातून एकदा हाच मी सासऱ्यांच्या घरी तोंडात पारोसा वास घेऊन चहाशिवाय बसतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी थोडा विरोध करून पाहिला होता. सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुमचा पुदिना तुमच्या दवाखान्यात ठेवा." त्यानंतर मी कानाला खडा लावला.

हा सगळा थाट व्हिस्कीसाठी. सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं व्हिस्कीचं दुकान आहे. दुकान, गिऱ्हाईकं, माल लावणं हे सगळं धाकटे बघतात. कोणती बाटली दुकानात यायची आणि कोणती नाही, हे मात्र सासरे ठरवतात, आणि ठरवायचं साधन एकच, त्यांचं नाक आणि त्याखालची जीभ. वर्षातून एकदा ते बर्बनचं एक अख्खं पिंप निवडतात. बर्बन म्हणजे बहुतेक मक्याची, आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. कारखाना चार पिंपांचे नमुने चार छोट्या बाटल्यांतून पाठवतो. चारांतलं एक घ्यायचं, बाकीची तीन दुसऱ्या दुकानांकडे जातात. निवडलेल्या पिंपातून एकशेऐंशी-नव्वद बाटल्या भरतात आणि प्रत्येकीच्या लेबलावर सासऱ्यांचं एक वाक्य छापतात. एका वर्षी त्यांनी लिहिलं होतं, 'बंद कपाटात विसरलेली मिठाई.' लोक वाक्य वाचूनच बाटली उचलायचे.

सगळं सुरळीत चाललं असताना मागच्या वर्षीचं पिंप फसलं. व्हिस्की कडू होती, लाकूड चघळल्यासारखी. अर्ध्याहून जास्त बाटल्या आजही फळीवर धूळ खात आहेत. धाकट्यांनी उघड दोष दिला नाही, पण पुढच्या वर्षी चार-पाच जणांची मतं घेऊन ठरवू या का, असं त्यांनी जेवताना मोघम विचारलं. सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. गिऱ्हाईकंही वय झालं, नाक गेलं असं कुजबुजत होती. यंदा पंचविसावं पिंप. लेबलावर वाक्याखाली पहिल्यांदाच सासऱ्यांची सही छापायचं ठरलं होतं, म्हणजे यंदा पिंप फसलं तर सहीनिशी फसणार होतं.

नाक गेलेलं नव्हतं. गेले होते ते दात, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

मागच्या वर्षी त्यांच्या वरच्या हिरड्या इतक्या सुजल्या होत्या की त्यांनी त्या पिंपाची चव घेतली असेल तर ती पुवासकट घेतली असणार. मी वर्षभर मागे लागलो होतो, ते वर्षभर टाळत होते. शेवटी चार महिन्यांपूर्वी एका रविवारी, दवाखाना बंद असताना, ते मागच्या दाराने आले. वरचे उरलेसुरले सगळे दात मी काढले आणि त्याच बैठकीत आधीच करून ठेवलेली कवळी बसवली. त्यांनी आरशात पाहिलं, ओठ मिटले, उघडले, आणि माझ्याकडून वचन घेतलं की हे कोणाला कळता कामा नये. भावाला नाही, मुलीला नाही, आणि सासूबाईंना तर मुळीच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला बोळकं पाहू नये, एवढीच त्यांची मागणी होती. मला हसू येत होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी वचन दिलं. सासूबाईंना एक दाढ भरली असं सांगितलं. रात्री कवळी बुडवून ठेवायला एक झाकणाचा पेला आणि साफ करायच्या गोळ्यांचा डबा मी त्यांना दिला. गोळ्या फुकट आल्या होत्या, कंपनीचा माणूस ठेवून गेला होता.

तर त्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही दुकानाच्या वरच्या खोलीत जमलो. खोली लहान आहे आणि तिच्यात वास येईल असं काहीही ठेवत नाहीत. पडदे नाहीत, फुलं नाहीत, वर्तमानपत्रसुद्धा नाही, कारण शाईला वास असतो. पांढरं टेबल, पाण्याचे जग, थुंकायला स्टीलची भांडी आणि तोंडाशी निमुळते होणारे ग्लास, प्रत्येकावर काचेची झाकणी. कारखान्याकडून नमुने घेऊन एक बाई येतात. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्या दरवर्षी येतात, बाटल्या मांडतात आणि उत्तर घेऊन जातात. दुपारी एकला त्यांना पुढच्या दुकानात नमुने दाखवायचे होते, तेव्हा त्याआधी काय ते ठरायला हवं होतं.

मी तिथे गाडी चालवायला होतो. सगळे थुंकत असले तरी थोडी पोटात जातेच, म्हणून परतीला एक शुद्धीवरचा माणूस लागतो. मलाही ग्लास देतात, मी हुंगतो, जिभेला लावतो आणि मत विचारलं की छान आहे म्हणतो.

सासऱ्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी ते 'ओळखीची' घेतात. ही बार्लीची साधी, सौम्य व्हिस्की, तीस वर्षं तीच. तिची चव त्यांना पाठ आहे, त्यामुळे आज आपली जीभ जागेवर आहे की नाही हे तिच्यावरून कळतं. त्या दिवशीही त्यांनी ओळखीचीचा एक घोट घेतला, मान हलवली, थुंकले आणि पहिल्या नमुन्याकडे वळले.

चारही पिंपं एकाच दिवशी भरलेली होती. फक्त एक गोदामाच्या तळाशी होतं, दोन मधल्या मजल्यांवर आणि एक अगदी वर, पत्र्याखालच्या उन्हात. तेवढ्या फरकाने सात वर्षांत सख्खी भावंडं एकमेकांना ओळखेनाशी होतात. शिवाय नमुने थेट पिंपातले, पाणी न घातलेले, म्हणजे जिभेवर ठिणगी पडल्यासारखे. सासऱ्यांनी पहिला नमुना तोंडात घोळवला आणि म्हणाले, "मध आहे. मागे कुठेतरी पुदिना आहे." दुसऱ्याला म्हणाले, भाजलेला मका, संत्र्याची साल, आणि पुदिना जरा पुढे आलाय. तिसऱ्याला त्यांच्या भुवया वर गेल्या. चौथ्याला त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"हे घ्यायचं," ते म्हणाले. "असा पुदिना मी उभ्या आयुष्यात चाखला नाही. थुंकल्यावरसुद्धा हलत नाही."

धाकट्यांनी चौथा ग्लास उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, खरंच की, पुदिनाच. कारखान्याच्या बाईंनी फक्त चौथ्या बाटलीकडे आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी कागद पुढे ओढला आणि लेबलासाठी वाक्य लिहायला घेतलं. चेहरा असा फुलला होता, जणू वर्षभराची मरगळ एका घोटात धुऊन निघाली होती.

मीही चौथा चाखला. मला त्यात पुदिना लागला नाही. लाकूड लागलं, कडवट, सुकं, मागच्या वर्षीसारखंच. मी पुन्हा एक घोट घेतला. पत्र्याखालचं पिंप ते हेच असणार. आधी वाटलं, आपल्याला काय कळतंय, जाणकार म्हणतात तर असेल. मग सासऱ्यांनी जीभ टाळ्याला लावून मिटकी मारली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या जिभेला आता टाळा लागतच नव्हता. तिथे मी बसवलेलं प्लास्टिक होतं, आणि ते प्लास्टिक चार महिने रोज रात्री मी दिलेल्या पुदिन्याच्या गोळीत मुरत होतं. सौम्य ओळखीचीने तो पुदिना सुटला नव्हता, पण नंतर त्यावरून साठ टक्क्यांची दारू चार वेळा फिरली होती. आधी थोडा, मग जास्त, मग आणखी जास्त, असा तो पुदिना पिंपातून नव्हे, कवळीतून येत होता. ज्या घरात माझी पेस्ट बंद, त्या घराच्या कर्त्या पुरुषाच्या तोंडात मीच पुदिन्याचं शेत लावून दिलं होतं.

आता आली का पंचाईत. गप्प बसलो तर सासरे सहीनिशी कडू पिंप घेणार आणि पुढच्या वर्षी त्या खोलीत त्यांची खुर्ची नसणार. बोललो तर चौघांत त्यांची कवळी बाहेर. खरं सांगतो, मिनिटभर मला गप्प बसायचाच मोह झाला, कारण चूक माझी होती आणि ती लपायची सोय आयतीच होती. पण ते मान खाली घालून लहान मुलासारखे लिहीत होते आणि मला ते बघवेना. मी ओळखीचीची बाटली आणि एक ग्लास उचलला आणि म्हणालो की बाबा, जरा बाहेर येता का, दोन मिनिटांचं काम आहे.

जिन्याच्या वळणावर मी काही समजावत बसलो नाही. ग्लासात दोन चमचे ओळखीची ओतली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, घोट घेतला, आणि घोळवता घोळवता थांबले. गिळूनच टाकला. जिन्यात थुंकायला भांडं नव्हतं.

"हिच्यात पुदिना नसतो," ते हळू म्हणाले.

मी म्हणालो, "नसतो. गोळीत असतो."

आधी ते चिडले. काल रात्री आपण गोळी टाकलीच नव्हती, साध्या पाण्यात ठेवली होती, एवढी अक्कल आपल्याला आहे, असं त्यांनी दबक्या आवाजात मला सुनावलं. मग इकडेतिकडे पाहून कवळी काढली, नाकाजवळ नेली आणि त्यांचा चेहरा पडला. चार महिने तो वास नाकाखालीच राहिल्यामुळे त्यांना तो येईनासा झाला होता. आता तोंडाबाहेर आल्यावर तो मलाही हातभर अंतरावरून येत होता. साध्या पाण्यात ठेवूनही इतका कसा, हे मात्र दोघांनाही कळेना.

मी उपाय काढला होता. म्हटलं, इथे न्हाणीघरात मी चारही ग्लास गुपचूप आणतो, तुम्ही कवळी काढून चाखा, मग परत लावा आणि आत जाऊन मत बदललं म्हणून सांगा. कोणाला काही कळायचं नाही.

सासऱ्यांनी न्हाणीघराचं दार ढकललं, एकदा श्वास घेतला आणि दार लावून टाकलं. "फिनेल," ते म्हणाले. "आणि साबण, गुलाबाचा. इथे मी व्हिस्की चाखू?"

मी म्हणालो, दुसरी जागा नाही. त्यांनी कठडा धरला. त्यांना लाज वाटत होती, आणि ती मला दिसत होती, आणि मी काही करू शकत नव्हतो. एवढं देखणं, ताठ माणूस, पण वरचा ओठ आत गेल्यावर दहा वर्षांनी म्हातारं दिसत होतं. मग त्यांनी कवळी परत तोंडात न घालता रुमालात धरली आणि जिना चढायला लागले. मी मागून ओळखीचीची बाटली घेऊन गेलो.

खोलीत शिरताच धाकटे उठून उभे राहिले. सासरे खुर्चीवर बसले आणि रुमाल टेबलावर ठेवला.

"चार महिने झाले कवळी लावतोय," ते म्हणाले. शब्द थोडे सैल पडत होते. "पुदिना तिचा आहे, पिंपाचा नाही. मी परत चाखणार आहे. वेळ लागेल."

कारखान्याच्या बाईंनी पेटीतून एक स्वच्छ ग्लास काढला, सासऱ्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि त्याची झाकणी पुढे सरकवली. "यात ठेवा, सर," त्या म्हणाल्या. "आणि झाकण घाला. वास इकडे यायला नको." ज्या सुरात त्या बाटलीचं बूच कुठे ठेवायचं ते सांगतात, त्याच सुरात. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सासऱ्यांनी तीनदा चूळ भरली आणि पुन्हा ओळखीचीपासून सुरुवात केली. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं, जे आमच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. पहिला घोट तोंडात फिरला आणि ते दचकले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या उघड्या टाळ्याला व्हिस्की लागत होती. मग ते आम्हाला विसरले, ओठ विसरले. गाल आत ओढून, बोळक्या तोंडाने मचमच आवाज करत, प्रत्येक नमुना त्यांनी दोनदा घेतला. चौथा त्यांनी लगेच थुंकला आणि म्हणाले, मागच्या वर्षीचा हा भाऊ, उन्हात करपलेला. पहिला बरा आहे, पण भिडस्त. तिसऱ्यात दालचिनी आहे आणि बाकी काही नाही. दुसऱ्यापाशी ते परत आले, परत आले आणि तिथेच थांबले.

"दोन नंबर," ते म्हणाले. "मला शंका नाही."

बाईंनी तिथल्या तिथे नोंद केली आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या. चौथं घेतलं असतं तर कारखान्याला आनंदच झाला असता, असं म्हणाल्या, ते वर्षभर कोणी घेत नाहीये. धाकटे अजून त्या झाकलेल्या ग्लासाकडेच बघत होते. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"दादा, खरं सांगू का? मला पुदिना लागलाच नव्हता. तू म्हणालास म्हणून मी म्हणालो."

"मग पंचवीस वर्षं काय करत होतास?"

"हेच," धाकटे म्हणाले, आणि दोघं भाऊ असे हसत सुटले की बाईंनी ग्लास बाजूला सरकवून घेतले.

संध्याकाळी मी सासऱ्यांना घरी सोडायला गेलो. दुसऱ्या नमुन्याची उरलेली बाटली त्यांच्या खिशात होती आणि कवळी तोंडात. सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, पण घरात ही गोष्ट न्यायची नाही, असं त्यांनी गाडीत मला दोनदा बजावलं. सासूबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. निवड कशी झाली, त्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, झाली. मग कोणता नंबर, त्यात काय होतं, उशीर का झाला, हे सगळं त्यांनी एकेक करून विचारलं. सासऱ्यांनी इकडचं तिकडचं सांगत उत्तरं दिली आणि ओघात पुदिन्याचं नाव निघालं.

सासूबाईंचे हात थांबले. "पुदिना? अगंबाई, म्हणजे माझ्यामुळेच झालं की काय?"

"तुझ्यामुळे?" सासरे म्हणाले.

"काल तुम्ही गोळी टाकायला विसरला होतात," त्या म्हणाल्या. "म्हटलं आज मोठा दिवस, दात स्वच्छ असलेले बरे. मी टाकली. दोन टाकल्या."

मी चपला शोधायचा विचार करत होतो. सासऱ्यांचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि त्यात माझं काम अगदी व्यवस्थित दिसत होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या रात्रीपासून. तो पेला रोज सकाळी आपोआप धुतला जातो, असं वाटलं होतं का तुम्हाला?" सासूबाईंनी परत कणकेत हात घातला. त्यांचा आवाज जरासा ओला झाला होता. "तुम्ही लपवत होतात, म्हणून मी नाही विचारलं. पण माझ्याकडे पाठ करून जेवत होतात, ते नव्हतं आवडलं."

सासऱ्यांनी खिशातून बाटली काढून ओट्यावर ठेवली, कपाटातून दोन छोटे ग्लास घेतले, आणि पेला शोधू लागले. सासूबाईंनी न बघता कोपराने तो त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी आमच्यासमोर, दिव्याच्या उजेडात, कवळी काढून त्यात ठेवली. मग दोन्ही ग्लासांत थोडी थोडी व्हिस्की ओतली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि एक सासूबाईंपुढे धरला. इतक्या वर्षांत त्यांनी घरच्या माणसांना पेस्ट बंद केली होती, कांदा बंद केला होता, पण चव कशी आहे हे कधी विचारलं नव्हतं.

सासूबाईंनी हात धुतले, पुसले, ग्लास घेतला. एक घोट घेऊन थांबल्या, भुवया आवळल्या, दुसरा घेतला.

"आधी गोड बोलते," त्या म्हणाल्या, "आणि मग खरं बोलते."

सासऱ्यांनी पेन्सिलीसाठी माझ्यापुढे हात केला. माझ्याकडे पेन होतं, ते दिलं. वाण्याच्या पिशवीवर त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं, एकदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मग मला विचारलं की बिनवासाच्या गोळ्या मिळतात का. मी म्हणालो, मिळतात, पण विकत घ्याव्या लागतात. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन मी इथे करत नाही.

त्या पिंपाची एकही बाटली आता दुकानात शिल्लक नाही. एक मी ठेवली आहे, दवाखान्यात, कपाटाच्या मागच्या बाजूला. लेबलावर सासूबाईंचं वाक्य आहे, आणि त्याखाली दोन सह्या आहेत.